फार्म रिसॉर्टवरचा स्क्वेअर डान्स विकेंड म्हणजे नेमकं काय असतं

अमेरिकेत, त्यातही न्यू इंग्लंडकडे राहणाऱ्या आपल्या लोकांना पानगळ जवळ आली की कुठे ना कुठे, लायब्ररीच्या बोर्डावर नाहीतर गावच्या टाउन हॉलच्या दारावर, एक पत्रक दिसतं. वर लाल रंगाच्या गोठ्याचं चित्र आणि खाली असा मजकूर: स्क्वेअर डान्स विकेंड, शुक्रवार रात्र ते रविवार दुपार, मेनस्ट्रीम आणि प्लस, टिप्सच्या मध्ये राउंड्स फेज २-३, शनिवारी एक ए२ स्टार टिप, फुल अमेरिकन प्लॅन. शब्द सगळे वाचता येतात पण कळत काहीच नाही. मग काहीजण हे इथल्या आजी-आजोबांचं काहीतरी असणार म्हणून सोडून देतात, आणि काहीजण गाई, घोडे, गवताच्या गाडीतली फेरी बघून पोराबाळांसकट बुकिंग करून टाकतात आणि तिथे पोचल्यावर कळतं की नाचाच्या हॉलमध्ये आपल्याला नुसतं कडेला बसून बघायचंय, कारण आत वर्षवर्ष शिकलेली माणसं नाचतायत. दोन्ही प्रकारात नुकसान आपलंच, आणि मला हा नाच मनापासून आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या नाचात पायांना फारसं काम नाही, ठेक्यात चालता येतं ना, बास. सगळं काम कानांना आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आधी चौकोन समजून घेऊ

हॉलमध्ये आठ-आठ जणांचे गट उभे राहतात. चार जोड्या, प्रत्येक जोडी चौकोनाच्या एका बाजूला, सगळ्यांची तोंडं आत. जोडीत बाई पुरुषाच्या उजव्या हाताला. स्टेजकडे पाठ करून जी जोडी उभी असते ती एक नंबरची, तिच्या उजवीकडची दोन नंबरची आणि असंच पुढे तीन, चार. एक आणि तीन या समोरासमोरच्या जोड्यांना हेड्स म्हणतात, दोन आणि चारला साइड्स. आपल्या एका बाजूला आपला पार्टनर असतो, आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या जोडीतलं जे माणूस येतं ते आपला कॉर्नर. म्हणजे पुरुषाच्या डावीकडची बाई ही त्याची कॉर्नर आणि बाईच्या उजवीकडचा पुरुष हा तिचा. पार्टनर कोण आणि कॉर्नर कोण एवढं पक्कं लक्षात राहिलं तरी पहिली संध्याकाळ निभावते.

स्टेजवर माइक घेऊन एकजण उभा असतो किंवा उभी असते, तो कॉलर. तो जी आज्ञा देतो ती म्हणजे कॉल. प्रत्येक कॉलची व्याख्या ठरलेली असते, कोणी कुठून निघायचं, कोणता हात द्यायचा, किती फिरायचं आणि संपताना तोंड कुठे असायला पाहिजे, सगळं.

सगळ्यात ओळखीची जोडी घ्या, अलेमांड लेफ्ट आणि त्याच्या मागोमाग राइट अँड लेफ्ट ग्रँड. अलेमांड लेफ्ट म्हणजे कॉर्नरकडे वळायचं, डाव्या हाताने एकमेकांचं मनगटाच्या वरचं धरायचं आणि फिरून परत आपल्या पार्टनरसमोर यायचं. आता पार्टनरला उजवा हात द्यायचा पण थांबायचं नाही, त्याला ओलांडून पुढे जायचं, पुढच्याला डावा, त्याच्या पुढच्याला उजवा, मग डावा. पुरुष सगळे घड्याळाच्या उलट दिशेने चाललेत, बायका घड्याळाच्या दिशेने, आठ माणसांची एकमेकांत वेणी घातली जातेय. आणि चौथा हात सुटला की समोर कोण, तर आपलाच पार्टनर, चौकोनाच्या बरोबर पलीकडच्या बाजूला. त्याचा हात धरून अर्धी फेरी चालत आपल्या जागेवर यायचं. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा मोठी मोठी माणसं लहान मुलांसारखी हसतात, मी दरवेळी बघते.

शाळेत लेझीम खेळलेल्यांना शिट्टी वाजली की हात बदलायचा हे अंगवळणी पडलेलं असतं. पण लेझमीत कुठल्या हातानंतर कुठला हात येणार हे सरांनी महिनाभर बसवून घेतलेलं असतं. इथे कॉल सगळ्यांचे पाठ असतात पण त्यांचा क्रम कोणालाच माहीत नसतो, आठ जणांना तर नाहीच, आणि बऱ्याचदा कॉलरनेही तो आधी ठरवलेला नसतो, त्याच क्षणी तो तयार करत असतो.

मग आठ माणसं परत आपापल्या जागी येतात कशी?

मला विचाराल तर या सगळ्यातला सर्वात थक्क करणारा भाग हाच आहे आणि पत्रकावर त्याबद्दल एक अक्षर नसतं.

संगीताचा वेग साधारण मिनिटाला १२० ते १२८ ठोके, म्हणजे चांगल्या भरभर चालीचा. एक कॉल घ्या, स्विंग थ्रू. चार माणसं एका ओळीत उभी, पण एकाआड एक उलट्या तोंडाने आणि शेजाऱ्यांचे हात धरून, या रचनेला ओशन वेव्ह म्हणतात. स्विंग थ्रू आला की ज्यांच्या उजव्या हातात कोणाचा तरी हात आहे ते उजव्या हाताने अर्धं फिरतात, मग ज्यांच्या डाव्या हातात कोणी आलंय ते डाव्याने अर्धं. झालं. याला सहा ठोके लागतात, म्हणजे तीन सेकंद. या तीन सेकंदांच्या आत कॉलरने पुढचा कॉल ठरवून तो थोडा आधीच बोलून टाकायचा असतो, नाहीतर नाचणारे ताटकळतात आणि लवकर बोलला तर घाई होऊन चौकोन मोडतो. शिवाय आत्ताच्या क्षणी माणसं ज्या रचनेत आहेत तिथून तो कॉल शक्य पाहिजे. शिवाय सलग चारदा उजवा हात वापरायला लावला तर अंगाला ते विचित्र वाटतं, म्हणून उजवा डावा उजवा डावा असा ओघ सांभाळायचा. आणि हे सगळं करताना त्याने आठही जणांना इतकं मिसळून टाकलेलं असतं की पार्टनर कुठे गेला हे नाचणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मग परत आणतो कसा, तर डोळ्यांनी. समोरच्या एका चौकोनातल्या एक-दोन जोड्या तो सुरुवातीलाच लक्षात ठेवतो, हिरव्या शर्टवाल्याची जोडीदारीण निळ्या झग्यातली, असं. हॉलमध्ये दहा चौकोन असले तरी सगळे एकच कॉल करतायत त्यामुळे एकावर नजर ठेवली की पुरतं. वेळ झाली की तो असे कॉल निवडतो की लक्षात ठेवलेली पहिली जोडी एकत्र येते, मग दुसरी, आणि आठांचा क्रम बरोबर लागला की अलेमांड लेफ्ट! बघणाऱ्याला वाटतं आपोआप झालं. काही कॉलर आधी घरी कागदावर तुकडे बांधून आणतात आणि ते जोडत जातात, काही पूर्ण नजरेवर चालतात, बहुतेक जण दोन्ही थोडं थोडं करतात.

नाचाच्या एका फेरीला टिप म्हणतात आणि तिचे दोन भाग असतात. पहिल्या भागात हे असं ऐनवेळचं, ज्याला पॅटर म्हणतात, त्यात डोकं पूर्ण जागं ठेवावं लागतं. दुसऱ्या भागात कॉलर एखादं ओळखीचं गाणं गातो आणि गाण्याच्या ओळींमध्ये कॉल गुंफतो. तिथे क्रम ठरलेला असतो, चारदा तीच आकृती, दरवेळी कॉर्नर आपला नवा पार्टनर होतो आणि चौथ्या वेळी आपण परत मूळ पार्टनरपाशी. मग सगळे एकमेकांचे आभार मानतात, पाणी पितात, बसतात, आणि पुढच्या टिपला बहुतेक वेळा वेगळ्या सात जणांबरोबर चौकोन लागतो.

आता पत्रक वाचू

१९७४ मध्ये अमेरिकेतल्या कॉलर लोकांनी कॉलरलॅब नावाची संघटना उभी केली. त्याआधी प्रत्येक भागात कॉल वेगळे, एकाच नावाचे अर्थ वेगळे, त्यामुळे प्रवासात दुसऱ्या गावी नाचायला गेलं की पंचाईत. यांनी कॉलची यादी आणि व्याख्या पक्क्या केल्या आणि पायऱ्या लावल्या. मेनस्ट्रीम म्हणजे साधारण ७० कॉल. प्लस म्हणजे त्यात आणखी तीसेक. त्यावर ए१ आणि ए२, आणि त्याच्याही वर सी१ पासून सी४ पर्यंत, जिथे लोक हॉबी म्हणून नाही तर अक्षरशः बुद्धिबळासारखे गंभीर होऊन नाचतात. अलीकडे नवीन लोकांसाठी सोशल स्क्वेअर डान्सिंग अशी एक छोटी पायरी केलीये, साधारण ५० कॉलची, एका हंगामात शिकून होते. माझ्या मते हे फार पूर्वी करायला हवं होतं, वर्षभर क्लास करा मग नाचा म्हटल्यावर नोकरी आणि मुलं सांभाळणारं माणूस कशाला येईल.

तर पत्रकावर प्लस लिहिलंय याचा अर्थ तिथे शंभरेक कॉल न अडखळता येणारी माणसं अपेक्षित आहेत. एकाला येत नसेल तर उरलेले सात अडकतात, म्हणून याबाबत लोक काटेकोर असतात, त्यात हिणवण्याचा भाग नाही. ए२ स्टार टिप म्हणजे एक फेरी वरच्या पायरीची होईल, ज्यांना येत नाही त्यांनी तेवढी बसून काढायची. राउंड्स म्हणजे दोन टिपच्या मध्ये जोडीजोडीने गोल फिरत करायचा नाच, वॉल्ट्झ वगैरे, त्यात कॉलर नसतो, क्यूअर असतो, तो पुढचं पाऊल आधी सांगत जातो. फेज १ सगळ्यात सोपी, ६ सगळ्यात अवघड, म्हणजे २-३ हे बेताचं. कधीकधी डीबीडी असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ इथे कॉल नेहमीच्या जागेवरून न देता कुठल्याही जागेवरून देतील, व्याख्या खरोखर कळलेली पाहिजे. नवीन असाल तर हे अक्षर दिसल्यावर तिथे जाऊ नका.

फुल अमेरिकन प्लॅन याचा नाचाशी काही संबंध नाही, खोलीच्या भाड्यात तिन्ही वेळचं जेवण धरलेलं आहे एवढंच.

पण मला काहीच येत नाही, मग जायचंच नाही का?

जायचं, फक्त दुसऱ्या प्रकारच्या विकेंडला. स्क्वेअर डान्स या एकाच नावाखाली दोन वेगळी कुटुंबं आहेत आणि गोंधळ बहुतेक इथेच होतो.

वर सांगितलं ते आधुनिक, पायऱ्यापायऱ्यांचं. दुसरा जुना पारंपरिक प्रकार, आणि न्यू हॅम्पशरच्या नैऋत्येला मोनॅडनॉक डोंगराच्या आसपासची गावं या प्रकारासाठी प्रसिद्ध आहेत. इथे फिडल, पियानो, कधी अकॉर्डियन घेऊन माणसं समोर बसून वाजवतात, रेकॉर्ड नाही. कॉलर प्रत्येक नाच सुरू करायच्या आधी संगीताशिवाय एकदा चालवून दाखवतो, त्याला वॉक-थ्रू म्हणतात, आणि मग तोच क्रम नाच संपेपर्यंत पुन्हा पुन्हा येतो. आधी काही शिकून जावं लागत नाही. चौकोनांच्या बरोबरीने काँट्रा असतो, म्हणजे लांब दोन ओळी समोरासमोर आणि प्रत्येक फेरीला पुढच्या जोडीशी गाठ. याच भागातल्या मन्सनव्हिल गावात १९०३ मध्ये जन्मलेला राल्फ पेज हा कॉलर आयुष्यभर हे नाच गोळा करत, शिकवत आणि त्यावर मासिक काढत राहिला. देशभर आधुनिक प्रकाराची लाट होती तेव्हा इथल्या टाउन हॉलमध्ये जुना नाच टिकला त्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्याच्या नावाचा डान्स विकेंड न्यू हॅम्पशरमध्ये भरत आलाय.

म्हणून पत्रकावर सगळे नाच शिकवले जातील, लाइव्ह बँड, नवीन लोकांचं स्वागत असं काही दिसलं तर बिनधास्त जा. मेनस्ट्रीम, प्लस असं दिसलं तर आधी क्लास. आणि काहीच लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा की वॉक-थ्रू आहे का, या एका प्रश्नाने उत्तर मिळतं.

शेतावर का?

याला खरं तर साधं कारण आहे. नाचायला मोठी लाकडी जमीन लागते आणि जुन्या धान्याच्या कोठारांत ती असते. काँक्रीटवर दोन दिवस नाचलात तर सोमवारी जिना उतरता येणार नाही, लाकूड किंचित दबतं आणि गुडघ्यांना जपतं. दुसरं म्हणजे शंभर माणसं एकाच ठिकाणी झोपणार, जेवणार, नाचणार, गाडी काढायची गरज नाही आणि रात्री उशिरापर्यंत गाणं चाललं तरी शेजाऱ्यांची तक्रार नाही. फार्म रिसॉर्टवाल्यांनाही शाळेच्या सुट्ट्या नसतात तेव्हा खोल्या भरायला असे गट बरे पडतात.

मोनॅडनॉकच्या पायथ्याशी ट्रॉय गावात ईस्ट हिल फार्म आहे, तो या प्रकारच्या जागेचा चांगला नमुना. तिथे सकाळी पाहुण्यांना गोठ्यात नेतात, कोंबड्यांची अंडी गोळा करायला देतात, गाईची धार काढायला देतात. धार काढताना आधी अंगठा आणि पहिलं बोट वर घट्ट आवळायचं म्हणजे दूध परत वर जात नाही, मग बाकीची बोटं एकेक करून मिटायची, ओढायचं नाही. हे आपल्याकडच्या गावात वाढलेल्यांना कोणी शिकवायला नको, पण एडिसन नाहीतर शार्लटच्या सोसायटीत वाढलेल्या पोरांचे डोळे बघण्यासारखे होतात. मार्चमध्ये गेलात तर जवळपास कुठेतरी मेपलचा पाक आटवणं चालू असतं, चाळीस गॅलन रस आटवला की एक गॅलन पाक होतो, त्यामुळे त्या छपरातून दिवसभर वाफ निघत असते. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत पानांचे रंग भरात असतात आणि नेमका तेव्हाच लांब विकेंड येतो, तेव्हाच्या खोल्या कधीच गेलेल्या असतात, उन्हाळ्यातच नाव लावावं लागतं.

तीन दिवसांचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच. शुक्रवारी संध्याकाळी लोक येतात, नावाचा बिल्ला मिळतो, जेवण, आणि मग हलका नाच, प्रवासाने दमलेल्यांना झेपेल असा. शनिवारी सकाळी वर्कशॉप, म्हणजे एखादा नवीन किंवा अवघड कॉल संथपणे उलगडून शिकवतात. माझ्या मते विकेंडचा सगळ्यात मौल्यवान वेळ हाच, इथे चुकायला परवानगी असते आणि प्रश्न विचारता येतात. दुपार मोकळी, डोंगर चढा, गोठ्यात जा, झोपा. मोनॅडनॉक ३,१६५ फूट आहे आणि वरचा भाग उघड्या खडकाचा, म्हणून संध्याकाळी नाचायचंय हे लक्षात ठेवून बेत करा. शनिवारी रात्रीचा नाच मुख्य. तो संपल्यावर बरेच ठिकाणी आफ्टर पार्टी असते, त्यात लोक छोट्या नकला, गमतीदार नाटुकली करतात. रविवारी सकाळी शेवटच्या काही टिप, जेवण, आणि घरी.

परक्या माणसांचे हात धरायचे?

हा प्रश्न आपल्या बायका हमखास विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. हो, धरायचे, पण एक हात दोन-तीन सेकंदांच्या वर राहत नाही आणि अलेमांडमध्ये तर धरायचं ते मनगटाच्या वर. दोघांनी जवळून धरून गोल फिरायचं असतं त्याला स्विंग म्हणतात, ते नको असेल तर नुसते दोन हात धरून फिरलं तरी चालतं, समोरच्याला तसं आधी सांगायचं, कोणी वाईट वाटून घेत नाही. चक्कर येते म्हणून कितीतरी लोक तसंच करतात. टिप संपल्यावर काही लोक मिठी मारतात, तिला यांच्या भाषेत येलो रॉक म्हणतात, तिलाही नम्रपणे हात पुढे करून नमस्कार करता येतो. आणि क्लबच्या नाचात दारू नसते, ही जुनी शिस्त आहे, प्यायलेल्या माणसाला आठांचा क्रम सांभाळता येत नाही हे उघड आहे.

जोडीदार नसेल तरी अडत नाही. एकटे येणारे पुष्कळ असतात, दोन बायका मिळून जोडी करतात, एकीने पुरुषाची बाजू घ्यायची. स्त्री-पुरुष याच्या पलीकडे बाजू निवडायची पद्धत आता बरीच रुजलीये. समलिंगी नर्तकांच्या स्क्वेअर डान्स क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना १९८३ पासून आहे, आणि काँट्रामध्ये बाजूंना लार्क आणि रॉबिन अशी पक्ष्यांची नावं बऱ्याच ठिकाणी वापरतात.

चुकलो तर? सगळे चुकतात. चौकोन मोडला की आठही जण समोरासमोर दोन ओळी करून उभे राहतात आणि बाकीचे चौकोन तशा ओळींत आले की परत सामील होतात. चूक कोणाची यावर बोलायचं नाही हा नियम आहे. नवीन माणसांना सांभाळायला जुने लोक मुद्दाम त्यांच्या चौकोनात येतात, त्यांना एंजल म्हणतात, आणि ती माणसं खरोखर तशीच असतात.

पण हे गोऱ्या काउबॉय लोकांचं, आपण तिथे कशाला?

हॉलमध्ये आपल्यासारखे चेहरे कमी दिसतात हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण या नाचाची कथा काउबॉयपेक्षा खूप गुंतागुंतीची आहे. आकृत्या आल्या इंग्लंडच्या गावच्या नाचांतून आणि फ्रान्सच्या कोटियाँ, क्वाड्रिलमधून. त्या ओरडून सांगण्याची पद्धत मात्र अमेरिकेत घडली आणि तिच्यात गुलामगिरीतल्या काळ्या फिडलवादकांचा मोठा हात होता असं अभ्यासकांचं म्हणणं आहे, ते मालकांच्या नाचांत वाजवायचे आणि वाजवता वाजवता पुढची आकृती सांगायचे. हे श्रेय कित्येक वर्षं कोणी दिलं नाही.

मग १९२० च्या दशकात मोटारवाला हेन्री फोर्ड यात पडला. १९२३ मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या सडबरीची जुनी वेसाइड इन विकत घेतली, तिथे बेंजामिन लव्हेट हा नाच शिकवणारा त्याला भेटला, त्याला त्याने मिशिगनला नेलं आणि जुने नाच शाळाशाळांत पसरवले. यामागचा त्याचा हेतू सगळाच निर्मळ नव्हता. त्याला जॅझ आवडत नव्हतं, आणि त्याच्या मालकीच्या वर्तमानपत्राने जॅझचं खापर ज्यू लोकांवर फोडणारे विषारी लेख छापले होते. हा इतिहास माहीत असावा असं मला ठामपणे वाटतं, कारण स्क्वेअर डान्स म्हणजे निरागस जुनी अमेरिका असं चित्र जे रंगवलं जातं त्यातला मोठा भाग त्या काळात तयार झालाय. १९८२ मध्ये तर अमेरिकन काँग्रेसने १९८२ आणि १९८३ या दोन वर्षांपुरता याला राष्ट्रीय लोकनृत्य ठरवलं, आणि वीसहून जास्त राज्यांनी आपला राज्य-नाच केला.

आधुनिक प्रकाराला आकार दिला कोलोरॅडोमधल्या लॉइड शॉ नावाच्या शाळाप्रमुखाने. त्याने पश्चिमेकडचे नाच गोळा करून १९३९ मध्ये पुस्तक काढलं, आपल्या विद्यार्थ्यांचा संघ देशभर फिरवला आणि उन्हाळ्यात कॉलरसाठी वर्ग घेतले. युद्धानंतर माइक, लाउडस्पीकर आणि रेकॉर्ड आले, एक कॉलर पाचशे लोकांना नाचवू शकायला लागला आणि १९५० च्या दशकात क्लबांचं पेव फुटलं. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला पहिलं राष्ट्रीय अधिवेशन भरलं.

आज जपान, जर्मनी, स्वीडनमध्ये क्लब आहेत आणि तिथेही कॉल इंग्रजीतूनच होतात. धड इंग्रजी न बोलता येणारं जपानी जोडपं बॉस्टनला येऊन पहिल्या मिनिटापासून चौकोनात बरोबर नाचू शकतं. तेव्हा इंग्रजी येत नाही म्हणून आई-बाबा मागे राहतायत असं होऊ देऊ नका, पन्नास शब्दांचाच प्रश्न आहे. त्यांना ऐकायला नीट येतंय ना हे मात्र बघा, कानाचं मशीन असेल तर काही हॉलमध्ये कॉलरचा आवाज थेट मशीनमध्ये देण्याची सोय असते, आधी विचारून घ्या.

तब्येतीला खरंच चांगलं का?

नाचाने स्मृतिभ्रंश टळतो असं पत्रकांवर हमखास छापतात. त्यामागे बहुतेक २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला अभ्यास असतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या पंच्याहत्तरीपुढच्या ४६९ लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं, तर वाचन, पट किंवा पत्त्यांसारखे बैठे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाच करणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला, आणि शारीरिक व्यायामांपैकी फक्त नाचच या यादीत बसला. पण हा बघून काढलेला संबंध आहे. ज्यांचा मेंदू आधीच शाबूत आहे तेच नाचायला जात असतील अशीही शक्यता राहते, आणि तो अभ्यास खास स्क्वेअर डान्सचा नव्हताच. टळतो म्हणणं हे जास्तीचं झालं. भरपूर चालणं होतं, लक्ष द्यावं लागतं, चार माणसं भेटतात, एवढं निश्चित आहे आणि तेवढ्यासाठी जायला हरकत नाही. चक्कर, कंबर, गुडघे यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून जा आणि तळवा किंचित घसरणारा बूट घाला, रबरी सोल जमिनीला चिकटतो आणि वळताना गुडघा मुरगळतो. घेरदार झगे आणि बोलो टाय आता बहुतेक ठिकाणी सक्तीचे नाहीत, कॉटनचा कुर्ता चालतो, फक्त ओढणी नको, ती हातात अडकते.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच स्वयंपाकघराला कळवा, शेतावरचं जेवण म्हणजे तिथे भाजलेलं मांस आणि बटाटे हेच मुख्य असतं. मुलांना नाचाच्या हॉलमध्ये घेतात का हेही विचारा. पारंपरिक विकेंडला बहुतेक घेतात आणि मुलं मोठ्यांपेक्षा पटकन शिकतात, प्लसच्या विकेंडला ती कंटाळतील. आधुनिक प्रकार शिकायचा असेल तर बरेच क्लब सप्टेंबरमध्ये नवा वर्ग सुरू करतात, पहिली एक-दोन सत्रं अनेक ठिकाणी फुकट असतात, पैसे न भरता जाऊन बघता येतं. तिथे नीट जात राहिलात तर मार्च-एप्रिलमधल्या सोशल स्क्वेअर डान्सिंगच्या विकेंडला नाव नोंदवता येतं. नोंदणी बऱ्याचदा दोन ठिकाणी करावी लागते, नाचाची क्लबकडे आणि खोलीची रिसॉर्टकडे. एक झाली म्हणजे दुसरी झाली असं धरून चालू नका.